पिल्लाचं पोट बिघडलंय, आणि घरात प्रत्येकाचा सल्ला वेगळा

वाचकाचं पत्र

आठ दिवसांपूर्वी भर पावसात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली मांजरीचं पिल्लू ओरडत होतं. दोन दिवस त्याच्या आईची वाट पाहिली. ती आली नाही, तेव्हा मुलीने रडून रडून त्याला वर आणायला लावलं. भुरी नाव ठेवलंय. डोळे अजून निळसर आहेत, पण दात सुईसारखे टोचतात. पहिले काही दिवस पिशवीचं म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, त्यात पोळी कुस्करून. शी सैल व्हायला लागली म्हणून सासूबाईंनी दहीभात द्यायला सांगितला. शेजारच्या काकूंनी रश्शातलं चिकन धुऊन दिलं. ह्यांनी दुकानातून कुत्र्याच्या पिल्लांचं खाद्य आणलं, कारण मांजरांचं तिथे नव्हतं. तीन दिवस झाले, दिवसातून पाच-सहा वेळा पिवळट, पातळ, अतिशय वास येणारी शी होतेय. पोट फुग्यासारखं टम्म दिसतं. पण खेळते, खाते. रविवारी डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलंय. तोवर काय देऊ? आम्ही शाकाहारी आहोत, तिला शाकाहारावर ठेवता येईल का? काकू म्हणतात कच्चं चिकन द्या, मांजर काय जंगलात शिजवून खातं का!

एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई,

रविवारपर्यंत थांबू नका. हे आधी सांगते. बाकीचं उत्तर डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर वाचलंत तरी चालेल. मोठ्या मांजराला एखादा दिवस पातळ झालं आणि ते खातंपितं असेल, तर घरी थांबून बघता येतं. भुरी अर्ध्या-पाऊण किलोची असेल. एवढ्याशा अंगात पाणी ते किती असणार? दिवसाला पाच-सहा वेळा, तेही तीन दिवस, म्हणजे तिच्यासाठी खूप झालं. ती अजून खेळतेय, खातेय, ही चांगली खूण आहे. अशा अवस्थेत नेलेली पिल्लं बहुतेक वेळा साध्या उपचारावर बरी होतात. मान टाकल्यावर आणलेल्या पिल्लाशी आम्हाला रात्रभर झगडावं लागतं, आणि तरीही ते प्रत्येक वेळी हाती लागतंच असं नाही.

जायच्या आधी एक बघून घ्या. तिच्या मानेमागची कातडी चिमटीत अलगद उचला आणि सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली किंवा हळूहळू खाली आली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. हिरड्यांना बोट लावून बघा, ओलसर बुळबुळीत लागायला हव्यात. चिकट, कोरड्या लागल्या तर तेही तेच सांगतं. असं दिसलं, किंवा ती वारंवार ओकायला लागली, शीमध्ये रक्त दिसलं, शी डांबरासारखी काळी झाली, अंग गार लागलं, किंवा दोन वेळचं खाणं तिने नाकारलं, तर उद्याची सकाळही नको, त्याच रात्री निघा. मांजरांमध्ये पॅनल्यूकोपेनिया नावाचा एक विषाणूजन्य आजार आहे, कुत्र्यांच्या पार्व्होचा सख्खा भाऊच. लस न झालेल्या पिल्लाला तो दोन-तीन दिवसांत नेतो. भुरीला तो झालाय असं मला वाटत नाही. त्यात पिल्लू इतकं खेळत-खात नाही. पण पार्किंगमध्ये जन्मलेलं, लस न झालेलं पिल्लू म्हटल्यावर तो मनातून पूर्ण काढूनही टाकता येत नाही.

आता तिचं वय. डोळे निळसर म्हणजे ती सात आठवड्यांच्या आतली. सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात, सहा-सात आठवड्यांच्या सुमारास खरा रंग दिसू लागतो. समोरचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, दाढा त्यानंतर. तोंड उघडून गालाच्या बाजूला बोट फिरवा. दाढा फुटताना लागल्या तर ती पाच-सहा आठवड्यांची आहे. म्हणजे दुधाची बाटली लागण्याचं वय तिने ओलांडलंय आणि ओलं, मऊ खाणं तिला जमेल. पोळी आणि चिकन ती खाऊ शकली, त्यावरूनही तोच अंदाज निघतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिच्या पोटात आठ दिवसांत काय काय गेलं ते कागदावर लिहून काढलं. म्हशीचं दूध, गव्हाची पोळी, दही, भात, मसाल्यातलं चिकन, कुत्र्याचं खाद्य. सहा प्रकार. त्याच्या आधी, आईजवळ असताना, तिच्या पोटात फक्त आईचं दूध आणि कदाचित आईने आणलेला एखादा उंदराचा तुकडा गेला असेल. घरातल्या प्रत्येकाने मायेने काहीतरी दिलं, आणि सोसावं लागलं ते तिच्या अक्रोडाएवढ्या पोटाला. मी कोणाला दोष देत नाही. शी बिघडली की आपण खाणं बदलतो, बदललं की आणखी बिघडते, मग पुन्हा बदलतो. दवाखान्यात येणाऱ्या निम्म्याअधिक पिल्लांची कहाणी हीच असते.

दुधाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मांजर आणि दूध ही जोडी आपल्या डोक्यातून जाता जात नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पिते हे खरं, आवडीने पिते. पण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला एक पाचकरस लागतो, आणि आईचं दूध सुटू लागलं की पिल्लाच्या आतड्यात तो कमी कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते, तिथले जंतू ती आंबवतात, गॅस होतो. पातळ शी, वास, फुगलेलं पोट: तुमच्या पत्रातलं हेच वर्णन. पाणी घालून दूध हलकं होतं ही समजूतही सोडून द्या. वाटीभर दुधात जेवढी साखर होती तेवढीच राहते. कमी होतं ते पोषण, आणि पिल्लाचं पोट नुसत्या पाण्याने भरतं. मांजरीच्या स्वतःच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. आपण कितीही प्रेमाने दिलं तरी पिशवीतलं दूध त्याची जागा घेऊ शकत नाही. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू हाती आलं असतं तर मी तुम्हाला मांजरांसाठीच मिळणारी दूधपावडर आणायला सांगितलं असतं. भुरीला आता तीही नको. आजपासून दूध पूर्ण बंद. वाटीत स्वच्छ पाणी ठेवा.

सासूबाईंना सांगा की त्यांचा दहीभाताचा सल्ला माणसाच्या पोटासाठी अगदी बरोबर आहे. माझ्याही घरी पोट बिघडलं की तोच असतो. दह्यात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असतं, त्यामुळे चमचाभर दह्याने भुरीचं मोठं नुकसान झालेलं नाही. पण भाताने तिचं पोट भरतं आणि तिला जे हवं ते मिळत नाही. पिल्लाच्या वाढीचे दिवस थोडे असतात, ते भातावर घालवता येत नाहीत.

काकूंचं चिकन मात्र वेगळ्या कारणाने काळजीचं. रस्सा धुतला तरी कांदा-लसूण मांसात मुरलेला असतो. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेला असो की कच्चा. एका घासाने काही बिघडलं असेल असं नाही, पण पुन्हा नको. आणि कच्च्या चिकनला तर मी ठाम नाही म्हणते. त्यात साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि तो भुरीइतकाच तुमच्या मुलीलाही बाधेल. दुसरं कारण आपल्याच राज्यातलं आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, आणि जानेवारी २०२५मध्ये तपासणीत बर्ड फ्लूचं निदान झालं. वाघ, बिबट्या आणि भुरी एकाच कुळातल्या. या कुळाला तो विषाणू लागला की फार वाईट होतं, आणि संसर्ग झालेल्या पक्ष्याचं कच्चं मांस हा तो लागायचा एक मार्ग आहे. जंगलातलं मांजर शिजवून खात नाही हे काकूंचं म्हणणं खरं आहे. पण जंगलातल्या मांजरीची किती पिल्लं मोठी होतात, हेही त्याबरोबर बघायला हवं.

आता तुमचा अवघड प्रश्न, शाकाहाराचा.

नाही ठेवता येणार, ताई. तुमच्या घराच्या रीतीबद्दल मला पूर्ण आदर आहे, म्हणूनच गुळमुळीत उत्तर देत नाही. कुत्रा भाकरीवर कसाबसा जगतो. मांजराचं शरीर तसं नाही. टॉरिन नावाचा एक घटक तिच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागतो, तो तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि वनस्पतींमध्ये जवळजवळ नसतोच. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्याच्या एका आजाराचं मूळ टॉरिनच्या कमतरतेत आहे. टॉरिन दिल्यावर त्यातली बरीच मांजरं सुधारलीही. ती मांजरं शाकाहारीसुद्धा नव्हती, बाजारातलं तयार खाद्य खात होती! त्यानंतर मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. गाजरातून आपण अ जीवनसत्त्व तयार करतो, मांजराला तेही जमत नाही. हे सगळं पोळी, पनीर आणि भाताच्या ताटातून पुरं पडणार नाही. कुत्र्याच्या पिल्लांचं खाद्य नको ते याच कारणाने: कुत्रा टॉरिन स्वतः बनवतो, म्हणून त्याच्या खाद्यात मांजराला लागेल इतकं असेल याची खात्री नसते.

पण यातून सोपी वाटही आहे. मांस शिजवायची गरजच नाही. बंद पाकिटातलं किटन फूड, म्हणजे मांजरीच्या पिल्लांचं तयार खाद्य आणा. बाल्कनीच्या कोपऱ्यात तिचं पाकीट, तिची वाटी, तिचा चमचा, घासायची वेगळी घासणी. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी शाकाहारी घरांत असंच चालतं, आणि तिथल्या आजीही वेळेवर वाटी भरतात. सासूबाईंना तेवढंही मान्य नसेल, तर तसं आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्या आणि भुरीसाठी दुसरं घर शोधा. सहा आठवड्यांच्या पिल्लाला घर मिळतं. वर्षभर अर्धपोटी राहिलेल्या मांजराला मिळणं कठीण जातं.

नुसतं उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, ते तर चालेल ना, असंही लोक विचारतात. दोन-चार दिवसांच्या आजारपणात डॉक्टर देतीलही. रोजचं जेवण म्हणून नको. माझ्याकडे एकदा चार महिन्यांचं पिल्लू आलं होतं. गुटगुटीत, केस चमकदार, घरच्यांनी आणल्यापासून रोज ताजं चिकन ब्रेस्ट उकडून भरवलेलं. सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. एक्स-रे लावला तर हाडं इतकी फिकट, की मांस कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं ते कळेना. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढत राहतं. त्या घरातल्या बाई टेबलाशी उभ्या राहून म्हणत होत्या, ‘मी तर सगळ्यात चांगलं तेच दिलं.’ ते खरंच होतं. पिल्लू सुधारलं, पण दोन महिने पिंजऱ्यात राहून.

तर आता प्रत्यक्ष काय करायचं. पाकिटावर ‘किटन’ लिहिलेलं आणि संपूर्ण आहार असल्याचं छापलेलं खाद्य घ्या. ओल्या खाद्याचं पाऊच घ्या किंवा कोरडं घ्या, पण एकच घ्या आणि महिनाभर बदलू नका. दुकानात गोणीतून किलोवर सुटं मोजून देतात, ते पावसाळ्यात घेऊ नका. त्याला दमट हवा लागते, तेल खवट होतं आणि तारीख कळत नाही. कोरडं घेतलंत तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा. दाणा बोटाने दाबला की पिठासारखा दबला पाहिजे. दूध घालून भिजवू नका. पाऊच फ्रिजमधून काढलेला असेल तर वाटी गरम पाण्यात धरून कोमट करा, गार खाणं पिल्लं हुंगून सोडतात.

किती द्यायचं, इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. सहाशे ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात कोरडं खाद्य साधारण ३० ग्रॅम लागतं. चार वेळा दिलं तर एका वेळी फक्त एक मोठा चमचा, फार तर सव्वा. बघितल्यावर ‘एवढंसंच?’ असं वाटेल. वाटी भरून ठेवली की उपाशी राहिलेलं पिल्लू तडस लागेपर्यंत खातं आणि तासाभरात सगळं बाहेर येतं, वरून किंवा खालून. पाकिटावरचा तक्ता बघा, वजनाप्रमाणे दिलेला असतो. पोट बिघडलेलं आहे तोवर तेवढंच खाणं सहा भागांत विभागा: सकाळी उठल्यावर पहिलं आणि झोपायच्या आधी शेवटचं. शी घट्ट झाली की चार वेळा. सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन. उपास अजिबात घडवू नका. ‘पोटाला आराम’ म्हणून एवढ्या पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते आणि ते थंड पडतं.

दूध, पोळी, दहीभात हळूहळू कमी करायची गरज नाही, आज बंद केलं तरी चालेल. कुत्र्याचं खाद्यही तिने दोन-चार दिवसच खाल्लंय, तेही थांबवा. पण पुढे कधी ब्रँड बदलायची वेळ आली तर घाई करू नका. पहिले दोन दिवस नवं पाव हिस्सा, जुनं पाऊण; पुढचे दोन दिवस निम्मं निम्मं; मग नवं पाऊण; आठवड्याभरात पूर्ण. मध्ये शी सैल झाली तर एक पायरी मागे या आणि तिथेच दोन दिवस थांबा.

वाटी स्टीलची, पसरट ठेवा. भिजवलेलं खाणं या हवेत लवकर आंबट व्हायला लागतं, उरलं तर टाका. मुंग्यांसाठी आपला जुना उपाय आहेच: ताटलीत पाणी आणि मधोमध वाटी. शीच्या ट्रेसाठी लिटर, म्हणजे दुकानात मिळणारी मांजरांची माती, आणलीत तर ओली झाली की गोळा होणारी नको. या वयाची पिल्लं सगळं चाखून बघतात आणि ती माती पोटात जाऊन फुगते. कागदाचे तुकडे किंवा लाकडाच्या भुश्शाच्या गोळ्या चालतील.

टम्म पोटाबद्दल माझा संशय जंतांवर आहे. पिल्लांना गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे ‘ती तर बाहेरचं काही खात नाही’ याला अर्थ नसतो. खाऊनही पाठीचा कणा हाताला लागतो आणि पोट मात्र ढोलकीसारखं, असं दिसलं तर जवळजवळ खात्रीच. शीमध्ये किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे, आणि ते पिसवांमुळे होतात. जंताचं औषध वजनावर मोजून द्यायचं असतं आणि काही आठवड्यांत पुन्हा द्यावं लागतं. मुलीसाठी आणलेल्या जंताच्या बाटलीतलं औषध देऊ नका. माणसाच्या जुलाब थांबवायच्या गोळ्याही नकोत. ताप वाटला म्हणून पॅरासिटॅमॉलचा कणही नको. मांजराला ते विष आहे, एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेते. मुलीला सांगा, भुरीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि शीचा ट्रे मोठ्या माणसानेच साफ करायचा.

शीने मागची बाजू बरबटली तर आंघोळ घालू नका. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा आणि लगेच कोरडं करा. ओलं, गारठलेलं पिल्लू खाणं पचवू शकत नाही. पावसाळी रात्री तिच्या खोक्यात टॉवेल असू द्या आणि पंख्याखाली ठेवू नका.

एक सवय आजपासूनच लावून घ्या, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर खोलगट डबा ठेवून आकडा शून्य करा, आणि रोज सकाळी खाण्याआधी भुरीला त्यात बसवा. हलेल, बाहेर येईल, दोन-तीनदा करावं लागेल. आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. मुलीला हे काम द्या, ती विसरणार नाही. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढतं, महिन्याला सुमारे ३०० ते ४५० ग्रॅम. शी एखाद दिवस सैल झाली पण आकडा चढतोय, तर मीही थांबून बघते. शी ठीक दिसतेय पण आकडा दोन दिवस तिथेच आहे किंवा उतरलाय, तर फोन करायचा. पिल्लू आजारी पडलंय हे काटा बऱ्याचदा आपल्या डोळ्यांच्या आधी सांगतो.

डॉक्टरांकडे जाताना सकाळची ताजी शी झाकणाच्या छोट्या डबीत न्या, तीन-चार तासांच्या आत पोचली पाहिजे. तिने काय काय खाल्लं ती यादी लिहून घ्या, चिकनचा रस्साही त्यात लिहा, संकोच करू नका. जंतांच्या औषधाची आणि लसीची तारीख तिथेच ठरवून या. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास असते, पण जुलाब थांबल्यावर. आणि रिक्षात तिला मांडीवर मोकळी धरू नका, हॉर्नला घाबरून उडी मारेल. झाकणाची टोपली किंवा भोकं पाडलेलं खोकं घ्या आणि त्यात ती रोज झोपते तोच टॉवेल घाला.